हिरव्या चिठ्ठीशिवाय

माझी ताई सव्वीस वर्षं औषधांच्या कारखान्यात गोळ्या बघायची. बनवायची नाही, भरायची नाही, नुसती बघायची. हे सांगितलं की लोक हसतात. ‘बघायचा पगार मिळतो होय?’ असं माझ्या नवऱ्यानेही एकदा विचारलं होतं. त्यानंतर वर्षभर ताई त्याच्याशी माझ्यामार्फत बोलत होती.

काम असं होतं. एक लांब पट्टा, खालून पांढरा लख्ख उजेड, आणि पट्ट्यावरून संथपणे सरकत येणाऱ्या गोळ्या. दोन्ही बाजूंना समोरासमोर बायका बसलेल्या. डोक्यावर टोपी, तोंडावर फडकं, हातात मोजे. बांगडी नको, पावडर नको, डोळ्यांत काजळ नको. कड उडालेली गोळी दिसली की उचलायची. डाग दिसला, कोरलेलं अक्षर बुजलेलं दिसलं, वरचा पापुद्रा सुटलेला दिसला, की उचलायची आणि लाल डब्यात टाकायची. वीस मिनिटं झाली की पाच मिनिटं उठून हिरव्या भिंतीकडे बघत बसायचं, डोळे निवायला. मग पुन्हा पट्टा.

या कामाने ताईचे डोळे असे तयार झाले की घरात जगणं मुश्कील. माझ्या लग्नाच्या फोटोत मागे उभ्या असलेल्या काकांच्या कोटाचं एक बटण वेगळं आहे, हे तिने मला लग्नाच्या तिसऱ्या दिवशी सांगितलं. आजवर तो फोटो बघताना मला नवरा दिसत नाही, बटणच दिसतं. डोळ्यांचा तिला भारी अभिमान. निवृत्त होताना कारखान्याने एक भिंग भेट दिलं, ते ती दोरीत ओवून गळ्यात घालायची. मी म्हणायचे, ‘ताई, पदक घालून भाजी आणायला निघालीस का?’ ती म्हणायची, ‘पदकच आहे. तुला मिळालंय का एखादं?’ मला नाही मिळालेलं. मी शाळेत विज्ञान शिकवते.

कारखान्यात तिचं एकाच माणसाशी वाकडं होतं. ती म्हणजे प्रयोगशाळेतली बाई, जिला पट्ट्यावरच्या सगळ्याजणी ‘लॅबवाली’ म्हणत. गोळ्यांचं प्रत्येक पिंप पट्ट्यावर येण्याआधी लॅबमध्ये जायचं. तिथे गोळ्या फोडून, विरघळवून, आत काय आहे आणि किती आहे हे तपासलं जायचं. सगळं ठीक असलं की लॅबवाली पिंपावर हिरवी चिठ्ठी चिकटवायची. चिठ्ठी नसलेलं पिंप पट्ट्याच्या दारातूनही आत येत नसे. लॅबवालीचं म्हणणं, खरी तपासणी आमची, तुम्ही फक्त रंगरूप बघता. ताईच्या नाकाला मिरच्या झोंबायच्या. सव्वीस वर्षं दोघी एका कॅन्टीनमध्ये वेगवेगळ्या टेबलांवर जेवल्या. ही चिठ्ठी लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

ताईच्या पट्ट्यावर तिच्या समोर अठरा वर्षं एकच बाई बसली. तिला आम्ही घरी ‘समोरची’च म्हणतो. काम चालू असताना फडक्यामुळे दोघींनी एकमेकींचे फक्त डोळे बघितलेले, पण डोळ्यांवरूनच कळायचं की आज घरी भांडण झालंय. ताईच्या निवृत्तीनंतर वर्षाच्या आत समोरचीची मुलगी गेली. सतरा वर्षांची पोर. परीक्षेच्या धास्तीने झोप येत नव्हती, म्हणून कुणाकडून तरी झोपेची एक गोळी घेतली. मोबाइलवरून मागवलेली. दिसायला झोपेच्या गोळीसारखी, पण ती ते औषध नव्हतंच. आत कुठलं तरी भयंकर गुंगीचं द्रव्य होतं, मिठाच्या चार कणांएवढं पुरतं असं डॉक्टर म्हणाले. दुपारी झोपली ती उठली नाही.

ताई तिकडून आली आणि स्वयंपाकघरात उभी राहून मला म्हणाली, ‘आम्ही दोघींनी जन्मभर वाईट गोळ्या वेचल्या गं. आणि तिच्याच घरात वाईट गोळी गेली. त्या पोरीला कुणी बघायला शिकवलं असतं तर?’

तिथून सगळं सुरू झालं. चूकही तिथूनच.

ताईने ठरवलं, शाळाशाळांत जाऊन मुलांना सांगायचं. पहिली शाळा अर्थात माझी. नववी-दहावीची मुलं अशा भाषणांना सरावलेली असतात. डोळे उघडे ठेवून झोपायची कला त्यांना साधलेली असते. पण ताईने खुर्चीवर बसून नुसतं म्हटलं, ‘तिसऱ्या रांगेतल्या मुली, तुझ्या डाव्या बुटाची लेस उलटी ओवलीय,’ आणि वर्ग जागा झाला. मग तिने समोरचीच्या मुलीबद्दल सांगितलं, नाव न घेता, आवाज न चढवता. मोबाइलवरून येणाऱ्या, मित्राच्या खिशातून निघणाऱ्या गोळ्या कशा खऱ्या औषधासारख्या दिसतात ते सांगितलं. कुणी घेतली आणि निपचित पडलं तर पळून जायचं नाही, लगेच रुग्णवाहिका बोलवायची, कुशीवर झोपवायचं, शेजारी बसून राहायचं, हेही सांगितलं. ‘ओरडा खावा लागेल म्हणून गप्प बसाल, तर जन्मभर गप्प बसावं लागेल,’ हे तिचं वाक्य मला अजून आठवतं.

आणि शेवटी तिने आपलं ठेवणीतलं बाहेर काढलं. खोटी गोळी ओळखायच्या चार खुणा. कड, रंग, अक्षर, पापुद्रा. भिंग हातोहात फिरलं. मुलांनी आपल्या खिशातल्या पेपरमिंटच्या गोळ्यासुद्धा तपासल्या. टाळ्या झाल्या. मुलांनी तिला ‘गोळीमावशी’ हे नावही देऊन टाकलं. वर्षभरात ती नऊ शाळांत गेली. अकराशेच्या वर मुलांनी त्या चार खुणा वहीत उतरवून घेतल्या.

मी काही बाजूला बसून गंमत बघत नव्हते. चार खुणांचा रंगीत तक्ता मीच काढला. मी हौशी बाई, एवढ्यावर थांबले नाही. सहामाही चाचणीत प्रश्न घातला: ‘बनावट गोळी ओळखण्याच्या चार खुणा लिहा. गुण पाच.’ चार खुणांना चार आणि आकृतीला एक. पाचपैकी पाच एकाच मुलीला मिळाले. पहिल्या बाकावर बसणारी, प्रत्येक विषयात पहिली येणारी. शिक्षकखोलीत आम्ही तिला ‘पहिली’च म्हणायचो.

ती पहिली, परीक्षा महिन्यावर आलेली असताना, भर दुपारी मैत्रिणीच्या घरी अभ्यास करता करता कोसळली. जागरण झेपावं, लक्ष लागावं म्हणून कुणीतरी दिलेली गोळी घेतली होती. ओठ निळे पडले, श्वास मोजण्याइतका मंद झाला. मैत्रीण रडत होती, पण पळाली नाही. रुग्णवाहिका बोलावली, कुशीवर झोपवलं, गोळीचं पाकीट लपवलं नाही, उरलेली दुसरी गोळी सरळ रुग्णवाहिकेतल्या माणसांच्या हातात दिली. आत तेच गुंगीचं द्रव्य निघालं; त्यावर उतारा असतो, तो वेळेत मिळाला म्हणून पोर वाचली.

चौथ्या दिवशी आम्ही दोघी रुग्णालयात गेलो. नळी घातल्याने तिचा आवाज बसला होता. मी काहीतरी शिक्षकी बोलायला लागले, ‘अगं, इतकी हुशार तू, आणि...’

तिने मला थांबवलं. ताईकडे बघून ती घोगऱ्या आवाजात म्हणाली, ‘मावशी, मी नीट तपासली होती. चारही खुणा. बाबांचं भिंग घेऊन. पास झाली, म्हणून घेतली.’

ताई पलंगाचा गज धरून उभी राहिली. मुलीची आई माझ्याकडे अशी बघत होती की मला तोंड कुठे लपवू असं झालं. जिन्यात मी ताईला म्हटलं, ‘तिने तपासण्यात काहीतरी चूक केली असणार.’ खोटं कशाला सांगू, त्या क्षणी मला तसंच हवं होतं. चूक तिची ठरली असती तर माझा तक्ता सुटला असता, पाच मार्कही सुटले असते.

ताईलाही खात्री करून घ्यायची होती. दोन दिवसांनी तपास अधिकारी बाई मुख्याध्यापिकांच्या खोलीत आल्या, ती दुसरी गोळी मोहोरबंद पारदर्शक पिशवीत घेऊन. ताईने विचारलं, ‘बघू का? हात न लावता.’ तिने खिडकीजवळ उभं राहून, भिंग लावून, गोळी सगळ्या बाजूंनी बघितली. आधी कड, मग रंग, अक्षर, पापुद्रा. मग भिंग खाली आलं.

‘चूक मुलीची नाही,’ ती म्हणाली. ‘ही पट्ट्यावर आली असती तर मीसुद्धा जाऊ दिली असती.’

मुख्याध्यापिका स्वभावाने वाईट नाहीत, पण घाबरट आहेत. घाबरट माणूस खुर्चीवर बसला की नियम शोधतो. त्यांनी तिथल्या तिथे सांगून टाकलं, यापुढे शाळेत हा विषय बंद. तक्ता उतरवा. झालं ते झालं, चर्चा नको, पालक आधीच खवळलेत. मीही मान डोलावली. मला वाटलं, बरं झालं, झाकली मूठ राहिली.

ताई मात्र दोन दिवस माझ्याकडे फिरकली नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी माझ्या दारात उभी. गळ्यात भिंग नव्हतं.

‘मी लॅबवालीकडे गेले होते,’ ती म्हणाली.

मी हातातलं भांडं खाली ठेवलं. सव्वीस वर्षांत त्या बाईला तिने कधी ‘जेवलात का’ विचारलं नव्हतं.

‘तिने मला चहा दिला. भांडायची सगळी तयारी करून गेले होते, तर तिने नुसतं एवढं विचारलं, की सव्वीस वर्षांत हिरव्या चिठ्ठीशिवाय एक तरी गोळी बघितलीत का? मी आठवून आठवून बघितलं. धाकटे, एकही नाही. माझ्यासमोर आलेली प्रत्येक गोळी आतून आधीच खरी ठरलेली होती. माझं काम फक्त उडालेली कड वेचायचं. आत काय आहे ते डोळ्यांना कधी कळलंच नाही, कळायची गरजच पडली नाही. आणि मी त्या पोरांना सांगत सुटले की डोळ्यांनी कळतं.’

‘तू चांगल्या मनाने सांगितलंस.’

‘मन चांगलं होतं. माल वाईट होता.’ ती खुर्चीत बसली. ‘कारखान्यातून वाईट बॅच बाहेर गेली की काय करतात, ठाऊक आहे? परत मागवतात. दुकानादुकानातून, शेवटच्या खोक्यापर्यंत. कुणी म्हणत नाही की झालं ते झालं. माझी बॅच बाहेर गेलीय. अकराशे वह्यांत पडलीय. त्यातल्या कुठल्या मुलाच्या हातात उद्या गोळी येईल आणि तो भिंग शोधेल, हे तुला माहीत आहे का?’

मला माहीत नव्हतं. कुणालाच माहीत नव्हतं, आणि तीच भीती होती. तिच्या तोंडून ऐकेपर्यंत मी ते मनाशी कबूल केलं नव्हतं. मला स्वतःची अशी लाज वाटली की मी उगाच भांडं पुसत बसले.

पण घोडं अडलं मुख्याध्यापिकांपाशी. त्या म्हणाल्या, एक परिपत्रक काढू. ताई म्हणाली, परिपत्रकाची मुलं विमानं करतात, मला समोर उभं राहून सांगायचंय. त्या म्हणाल्या, परीक्षेनंतर बघू. ताई म्हणाली, गोळी परीक्षा संपायची वाट बघणार आहे का? त्या म्हणाल्या, शाळेचं नाव खराब होईल. ताई उठली. खोलीबाहेरच्या बाकावर जाऊन बसली. डबा आणि पाण्याची बाटली तिने बरोबर आणलीच होती. पट्ट्यासमोर सव्वीस वर्षं बसलेल्या बाईला बाकावर बसायचं काय भय!

पहिला दिवस गेला. दुसऱ्या दिवशी मुलं येता-जाता ‘गोळीमावशी’ म्हणून थांबायला लागली. शिपाईमामांनी तिच्यासाठी पंख्याचं तोंड फिरवलं. मुख्याध्यापिका दुसऱ्या दाराने ये-जा करू लागल्या. त्या दाराबाहेर सांडपाण्याचा पाइप आहे, तो ओलांडून साडी सावरत जाणाऱ्या मुख्याध्यापिका मी डोळ्यांनी बघितल्या. तिसऱ्या दिवशी दुपारी समोरचीही आली आणि ताईशेजारी बसली. दोघी अठरा वर्षं समोरासमोर बसल्या होत्या, शेजारी पहिल्यांदाच. मुख्याध्यापिका दार उघडून बाहेर आल्या, या नव्या बाई कोण म्हणून विचारलं. समोरची म्हणाली, ‘माझ्या मुलीच्या शाळेनेही नाव सांभाळलं होतं.’

मुख्याध्यापिकांनी आत जाऊन वेळापत्रक आणलं. मग म्हणाल्या, ‘गुरुवारी. तिसरा तास. मीही बसेन.’

दोन दिवस हातात होते. लॅबवालीच्या घरी मागच्या खोलीत हाताने दाबून गोळी पाडायचं एक जुनं यंत्र होतं, कारखान्याने भंगारात काढलेलं. तिने साखरेच्या पंधरा गोळ्या पाडल्या आणि मिठाच्या पाच. सगळ्या पांढऱ्या, सगळ्यांची कड सुबक, सगळ्यांवर एकच कोरलेलं अक्षर. ताई भिंगाशिवाय बघून म्हणाली, ‘काम स्वच्छ आहे हो तुमचं.’ लॅबवालीने भुवया वर केल्या. दोघींच्या आयुष्यातलं हे पहिलं कौतुक असावं.

गुरुवारी मोठ्या वर्गात पाच तुकड्यांची मुलं दाटीवाटीने बसली होती. पहिली अजून शाळेत येत नव्हती, पण तिची मैत्रीण आली होती. मुख्याध्यापिका मागे खुर्ची घेऊन बसल्या. घरच्या तालमीत एक संपली होती, उरलेल्या एकोणीस गोळ्या मी पिशवीत घालून हलवल्या आणि ताटात ओतल्या. मीठ कुठलं, साखर कुठली, हे आता आम्हा कुणालाच ठाऊक नव्हतं.

ताई उभी राहिली. ‘मागच्या वेळी मी तुम्हाला चार खुणा शिकवल्या,’ ती म्हणाली. ‘त्या चुकीच्या होत्या. चूक माझी. तुमच्यातल्या एकीने माझ्यावर विश्वास ठेवला आणि ती मरता मरता वाचली. आज मी ते शिकवलेलं परत घ्यायला आलेय.’

मोठ्या माणसाने चूक कबूल करताना मुलं क्वचित बघतात. मग तिने ताट पुढे केलं, भिंग गळ्यात घातलं. साखर म्हणजे चांगली गोळी, मीठ म्हणजे घातकी, असं सांगितलं. ‘सव्वीस वर्षांचे डोळे आहेत. बघू काय करतात.’

तिने वेळ घेऊन एक गोळी निवडली, भिंगाखाली फिरवली, चारही खुणा मोठ्याने तपासल्या. ‘पास.’ तोंडात टाकली. साखर! मुलांनी टाळ्यांचा कडकडाट केला.

आम्ही हा विचारच केला नव्हता. घरी तालीम करताना पहिल्याच गोळीला मीठ लागलं होतं, म्हणून आम्ही निर्धास्त होतो. ताईने दुसरी उचलली. कड, रंग, अक्षर, पापुद्रा. ‘पास.’ पुन्हा साखर. आता तर शिट्ट्या. धावण्याच्या संघाची कप्तान, खिडकीजवळची उंच मुलगी, उभी राहून ओरडली, ‘मावशी, तुम्हाला बरोबर कळतंय की!’ बऱ्याच माना डोलल्या. मुख्याध्यापिका माझ्याकडे बघत होत्या. मला वाटलं, संपलं. चूक परत घ्यायला आलो आणि तीच पुन्हा पक्की करून चाललो.

ताई बिलकूल डगमगली नाही. तिने तिसरी उचलली. तितक्याच सावकाश, तितक्याच काळजीने तपासली. ‘पास,’ म्हणाली आणि तोंडात टाकली.

तिचं तोंड वेडंवाकडं झालं. डोळ्यांत पाणी आलं. पण तिने थुंकलं नाही, गिळलं. टाळ्यांसाठी वर गेलेले हात तसेच राहिले.

‘वाजवा की टाळ्या,’ ती म्हणाली. ‘का थांबलात? आत्ता मी मेले.’

तिने ताट बाजूला सारलं.

‘पहिल्या दोन वेळी काही झालं नाही, म्हणून तर तुम्हाला वाटलं की मला कळतं. मलाही असंच वाटलं होतं. तुमचा मित्रही हेच सांगेल. मी दोनदा घेतली, काही झालं नाही, तू पण घे. तो खोटं बोलत नसेल. त्याला साखर लागली असेल. एकाच पाकिटातल्या दोन गोळ्या आतून सारख्या नसतात. तपासायचं नाही. भिंग लावायचं नाही. फोडून, चाटून, वास घेऊन बघायचं नाही. विचारायचं एकच.’

आणि तिने हिरव्या चिठ्ठीची गोष्ट सांगितली. लॅबवालीचं नाव मोठ्या मानाने घेतलं, हे मला इथे मुद्दाम लिहायचंय. डॉक्टरांनी तुमच्या नावाने लिहून दिलेलं, औषधाच्या दुकानातून तुमच्या घरच्यांनी आणलेलं, तुमच्याच आजारासाठीचं औषध, म्हणजे हिरवी चिठ्ठी. बाकी सगळं चिठ्ठीशिवायचं पिंप. ते दारातूनच परत. देणारा सख्खा भाऊ असला तरी.

कप्तान अजून उभीच होती. तिने हळूच विचारलं, ‘आणि कुणी घेतलीच तर?’

ताईने पहिलीच्या मैत्रिणीकडे बघितलं. ती पोरगी न सांगता उठली आणि काय काय केलं ते एकेक करून सांगायला लागली. कुठे फोन केला, कसं कुशीवर वळवलं, गोळी का लपवली नाही. मध्येच तिचा आवाज फुटला, पण तिने पूर्ण केलं. पुढच्या बाकावरच्या मुलीने तिला पाण्याची बाटली दिली.

तासाच्या शेवटी मी वह्या काढायला लावल्या. चार खुणांचं पान प्रत्येकाने फाडायचं आणि टेबलावर आणून ठेवायचं. चाचणीतला तो प्रश्न रद्द, हेही मी फळ्यावर लिहिलं आणि खाली सही केली. मुलं रांगेने येत होती, ताई पानं मोजून घेत होती. चार पानं कमी भरली. तिने चौघांची नावं लिहून घेतली.

शुक्रवारी मधल्या सुट्टीत आम्ही दोघी प्रयोगशाळेत ताट, पिशवी, पानांचे गठ्ठे आवरत होतो. दार लोटून कप्तान आत आली. तिचं नाव त्या चौघांत होतं. तिने कंपासपेटी टेबलावर ठेवली आणि उघडली. आत वहीचं ते पान, चारपदरी घडी घातलेलं. ताईने घडी उलगडली.

पानावर माझ्या तक्त्याची हुबेहूब नक्कल होती. कड, रंग, अक्षर, पापुद्रा. प्रत्येकापुढे पेनने बरोबरची खूण. आणि घडीत एक निळसर गोळी.

‘गुडघा दुखतोय म्हणून,’ ती म्हणाली. ‘शनिवारी शर्यत आहे. सकाळी घेणार होते. मी सोमवारीच तपासून ठेवली होती.’

सोमवारी ताई बाहेर बाकावर बसलेली होती. या मुलीने येता-जाता तिला हात केला असणार, कंपासपेटी दप्तरात घेऊन. मी स्टूल ओढून बसले.

‘काल तुम्ही सांगितल्यावर मग परत बघितली,’ कप्तान म्हणाली. ‘चिठ्ठी नव्हती.’ आणि ती रडायला लागली. एवढी उंच मुलगी, हुंदके देऊन.

ताईने तिला जवळ घेतलं, पाठीवरून हात फिरवला. रागावली नाही, शाबासकीही दिली नाही. ‘कुणी दिली ते सांगशील ना? आईबाबांसमोर सांगू, मी बरोबर येते. आणि गुडघा डॉक्टरांना दाखवायचा. ही शर्यत गेली तर गेली.’ मुलीने मान डोलावली.

गोळी टेबलावर पडली होती, खिडकीच्या उजेडात. भिंग ताईच्या गळ्यातच होतं. सव्वीस वर्षांची सवय, हात जाणारच असं मला वाटलं. मी बघत राहिले. तिने गोळी आत ठेवून पानाची घडी पुन्हा घातली, एका कोऱ्या पाकिटात सरकवली, पाकीट डिंकाने बंद केलं आणि वर लाल पेनने तारीख घातली. ‘त्या तपास अधिकारी बाईंना फोन लाव, धाकटे,’ ती म्हणाली.

मग तिने पिशवीतून शाळांची यादी काढली, आमच्या शाळेपुढे लिहिलं, ‘एक परत आली,’ आणि मला विचारलं, ‘पुढच्या शाळेत आज किती वाजेपर्यंत कुणी भेटेल?’